वसुलीचा हिशेब आणि ओळीबाहेरचा आकडा

व्यापारात हिशेब लिहिणारे पुष्कळ आहेत, हिशेब वाचणारे मात्र थोडे. मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजी, कुठेही जा, लहानशा पेढीवरही आज कॉम्प्युटर दिसतो. बिले त्यात चढवली जातात, जीएसटीचे विवरणपत्र त्यातून निघते, आणि काम संपले असे समजून तो बंद केला जातो. अशा पेढीच्या मालकाला विचारा, "तुमचे पैसे किती दिवसांत येतात?" उत्तर मिळते, "सरासरी चाळीस-पन्नास दिवसांत." या एका शब्दावर सुताची खरेदी ठरते, कारागिरांच्या मजुरीची सोय ठरते आणि बँकेचा हप्ताही ठरतो. म्हणून ही सरासरी कशी निघाली आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा, याचा अभ्यास प्रत्येक व्यापाऱ्याने व कारखानदाराने करणे आवश्यक आहे.

आम्ही शाळेत उर्दूतून शिकलो. तेथे सरासरीला 'औसत' म्हणत. बेरीज करा, संख्येने भागा, झाले. एवढ्या ज्ञानावर निम्मे आयुष्य चालते, परंतु उधारीच्या धंद्यात एवढे ज्ञान पुरत नाही. ते का पुरत नाही, हे एका उदाहरणाने पाहू.

बारा बिलांचे उदाहरण

समजा एका कापड व्यापाऱ्याची बारा बिले वसूल झाली. बिलाच्या तारखेपासून पैसे मिळेपर्यंत लागलेले दिवस लहानापासून मोठ्यापर्यंत असे आहेत:

28, 30, 31, 33, 35, 36, 38, 40, 42, 45, 47, 195

यांची बेरीज 600 होते. बाराने भागले की सरासरी 50 दिवस येते. आता यादी पुन्हा वाचा. 50 दिवसांत, किंवा त्याच्या जवळपास, पैसे देणारे बिल यात आहे का? अकरा बिले 47 दिवसांच्या आत आली, आणि एक बिल 195 दिवसांनी आले. म्हणजे 50 हा आकडा कोणत्याच गिऱ्हाइकाचा नाही. एका बिलाने सर्वांची सरासरी ओढून वर नेली आहे.

यावर उपाय म्हणून मधला आकडा पाहतात. शाळेच्या मराठी पुस्तकात त्याला मध्यक म्हणतात, कॉम्प्युटरमध्ये मीडियन. आकडे क्रमाने लावा आणि बरोबर मध्यभागी असेल तो घ्या. बारा आकड्यांत मध्यभागी दोन येतात, 36 आणि 38. त्यांचा मध्य 37. शेवटचे बिल 195 ऐवजी 500 दिवसांनी आले असते तरी मध्यक 37 च राहिला असता, सरासरी मात्र 75 च्या वर गेली असती. सामान्य गिऱ्हाईक किती दिवसांत पैसे देते, या प्रश्नाचे उत्तर म्हणून 37 हाच आकडा योग्य आहे.

ओळीबाहेरचा आकडा कसा ओळखावा

इतरांपासून फार दूर पडलेल्या आकड्याला इंग्रजीत आउटलायर म्हणतात. आम्ही त्याला ओळीबाहेरचा आकडा म्हणू. बारा बिलांत तो नजरेने दिसतो. बाराशे बिलांत दिसत नाही, तेथे नियम लागतो.

एक सोपा व मजबूत नियम अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी दिला. त्यांचे 'एक्सप्लोरेटरी डेटा ॲनालिसिस' हे पुस्तक 1977 साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून हा नियम जगभर वापरात आहे. आकड्यांच्या यादीचे दोन भाग करा. खालच्या सहा आकड्यांचा मध्यक 32 येतो, वरच्या सहांचा 43.5. यांना पहिले व तिसरे चतुर्थक म्हणतात. दोहोंतील अंतर 11.5. त्याची दीडपट 17.25. आता 43.5 मध्ये 17.25 मिळवा, 60.75 झाले. हे वरचे कुंपण. 32 मधून 17.25 वजा करा, 14.75 झाले. हे खालचे कुंपण. कुंपणाबाहेर जो आकडा पडेल तो तपासणीस घ्यावा. आपल्या यादीत फक्त 195 बाहेर पडतो.

दुसरा प्रचलित नियम प्रमाण विचलनाचा आहे. सरासरीपासून आकडे साधारण किती दूर पसरले आहेत याचे ते माप. आपल्या यादीत ते सुमारे 46 येते. सरासरीपासून तीन पटींपेक्षा दूर असेल तो आकडा संशयित, असा हा नियम. 50 अधिक 138 म्हणजे 188, आणि 195 त्याच्या जेमतेम बाहेर पडतो. नियम चालला असे वाटते, परंतु येथे एक धोका आहे. 47 दिवसांच्या बिलाऐवजी आणखी एक बिल 180 दिवसांचे असते तर? मग सरासरी सुमारे 61, प्रमाण विचलन सुमारे 59 आणि मर्यादा 239 दिवसांवर जाते. आता 180 ही सापडत नाही आणि 195 ही सापडत नाही. दोन थकबाकीदार एकमेकांना पाठीशी घालतात, कारण ज्या मापाने त्यांना मोजावयाचे ते मापच त्यांनी फुगवलेले असते. ट्यूकींच्या नियमात कुंपण 60.75 वरच राहते आणि दोघेही पकडले जातात.

लहान व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोंदी दहा किंवा त्याहून कमी असतील तर तीन पटींच्या नियमात एकही आकडा कधीच सापडू शकत नाही, मग तो हजार असो की लाख. हे गणिताने सिद्ध झालेले आहे. ज्याच्याकडे आठ-दहा गिऱ्हाइके आहेत आणि जो हा नियम लावून "सर्व ठीक आहे" म्हणतो, त्याचे समाधान पोकळ आहे.

कॉम्प्युटरवर कसे करावे

यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. टॅलीतील बिलवार येणे बाकीची यादी एक्सेलमध्ये काढता येते. एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिस कॅल्क मोफत मिळते आणि ही सर्व कामे करते. एका उभ्या रकान्यात दिवस लिहा. मग एव्हरेज हे सूत्र सरासरी देते, मीडियन मध्यक देते, क्वार्टाइल चतुर्थके देते आणि एसटीडीईव्ही प्रमाण विचलन देते. मिन व मॅक्स सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा देतात. सूत्रांची नावे इंग्रजी अक्षरांत टाइप करावयाची असतात. एक्सेलच्या 2016 च्या आवृत्तीपासून बॉक्स अँड व्हिस्कर नावाचा आलेखही तयार मिळतो. त्यात कुंपणाबाहेरचे आकडे वेगळ्या ठिपक्यांनी दिसतात.

अधिक शिकलेल्या मुला-मुलींनी 'आर' हे सॉफ्टवेअर घ्यावे. ते न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केले आणि ते सर्वांना मोफत आहे. त्यात समरी असा एकच शब्द दिला की सर्वांत लहान आकडा, दोन्ही चतुर्थके, मध्यक, सरासरी आणि सर्वांत मोठा आकडा एका ओळीत येतात.

येथे काही खाचखळगे आहेत, ते सांगणे आम्ही आवश्यक समजतो.

पहिली गोष्ट, रिकामी चौकट आणि शून्य एक नव्हे. एक्सेल रिकामी चौकट सरासरीत धरत नाही, शून्य मात्र धरते. दिवस माहीत नाहीत म्हणून मुनीमजींनी शून्य टाकले तर सरासरी खाली येते.

दुसरी गोष्ट, चौकटीत '45 दिवस' असे अक्षरांसह लिहिले तर कॉम्प्युटर त्याला आकडा मानत नाही आणि काही न बोलता वगळतो. म्हणून रकान्यात केवळ आकडा लिहावा. किती आकडे मोजले गेले हे काउंट या सूत्राने पाहून घ्यावे. बिले बारा आणि काउंट अकरा, तर एक बिल कुठेतरी राहिले आहे. 'आर' मध्ये याच्या उलट दस्तूर आहे. एक जरी नोंद गहाळ असेल तर ते सरासरी देण्यास नकार देते, जोपर्यंत आपण गहाळ नोंदी वगळण्याची स्पष्ट सूचना देत नाही. आम्हाला हा दस्तूर अधिक पसंत आहे.

तिसरी गोष्ट, चतुर्थक काढण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. वर हाताने काढलेले कुंपण 60.75 आले. एक्सेलचे क्वार्टाइल सूत्र त्याच बारा बिलांवर 58.1 देते, आणि त्याच एक्सेलमधील क्वार्टाइल एक्स्क हे दुसरे सूत्र 63.4 देते. तिन्ही बरोबर आहेत, मोजण्याची रीत वेगळी आहे. परंतु एखादे बिल 60 दिवसांचे असेल तर एका रीतीत ते बाहेर पडते आणि दुसऱ्या रीतीत आत राहते. म्हणून एकच रीत ठरवावी आणि दर महिन्यास तीच वापरावी. कुंपण ही तपासणीची चौकी आहे, ते कोर्टाचा निकाल नव्हे. आकडे घंटेच्या आकाराच्या नेहमीच्या वक्राप्रमाणे पसरलेले असले तरी हजारांतील सुमारे सात निर्दोष आकडे या कुंपणाबाहेर पडतातच.

सापडलेल्या आकड्याचे काय करावे

सॉफ्टवेअर आकडा दाखवते, त्याचे कारण सांगत नाही. कारण शोधणे मालकाचे काम आहे. आमच्या अनुभवात ओळीबाहेरचे आकडे तीन जातींचे असतात.

पहिली जात लिहिण्यातील चुकीची. गाठीतील ताके 98 ते 103 मीटरचे आहेत आणि एक नोंद 1010 मीटर दिसते. येथे 101 च्या पुढे शून्य जास्त पडले हे उघड आहे. तरीही अंदाजाने दुरुस्ती करू नये. चलन काढावे, ताका मोजावा, मग आकडा सुधारावा. मूळ कागद सापडलाच नाही तर चौकट रिकामी ठेवून बाजूस शेरा लिहावा.

दुसरी जात वेगळ्या मालाची किंवा वेगळ्या वेळेची. ग्रे कापडाचा भाव मीटरला 31 ते 35 रुपये चालला आहे आणि मध्येच एक नोंद 88 ची आहे. चौकशी करता कळते की ते कापड दुसऱ्या प्रतीचे होते. आकडा खरा आहे, पण यादी चुकीची आहे. त्याला त्याच्या प्रतीच्या यादीत न्यावे.

ईदच्या विक्रीचेही असेच आहे. आपला हिजरी महिना चंद्राचा. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे असल्यामुळे ईद इंग्रजी कॅलेंडरात दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. भारतात ईदुल फित्र 2023 साली 22 एप्रिलला, 2024 साली 11 एप्रिलला आणि 2025 साली 31 मार्चला झाली. म्हणजे 2023 मध्ये ईदच्या खरेदीची गर्दी बरीचशी एप्रिलमध्ये होती आणि 2025 मध्ये ती सगळी मार्चमध्ये आली. दोन वर्षांचे मार्च महिने शेजारी ठेवून सॉफ्टवेअरला विचारले तर ते 2025 चा मार्च संशयित ठरवील आणि एप्रिल पडलेला दाखवील. येथे धंदा वाढलाही नाही आणि पडलाही नाही. ईदपूर्वीचे सहा आठवडे धरून वर्षांची तुलना केली तरच खरे चित्र दिसते.

तिसरी जात खऱ्या आकड्याची. चूक नाही, माल वेगळा नाही, हंगाम वेगळा नाही. पैसे खरोखर 195 दिवसांनी आले. हा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका हाच आकडा काढून टाकण्याचा मोह सर्वांत अधिक होतो.

काढून टाकण्याचा मोह

सॉफ्टवेअरमध्ये टोकाचे आकडे छाटण्याची सोय आहे. एक्सेलमध्ये तिचे नाव ट्रिममीन. तिला 0.2 सांगितले की आपल्या बारा बिलांतून वरचे एक व खालचे एक गळते आणि सरासरी 37.7 येते. 'आर' मध्ये तेवढ्याच छाटणीस 0.1 लिहावे लागते, कारण तेथे प्रत्येक टोकाचा हिस्सा वेगळा सांगतात. ही सोय वाईट नाही. सामान्य गिऱ्हाइकाचा अंदाज तिने चांगला मिळतो. परंतु त्या अंदाजावर भांडवलाची तजवीज केली तर काय होते ते पाहा.

समजा अकरा बिले प्रत्येकी 50 हजारांची होती आणि 195 दिवसांचे बिल 3 लाखांचे होते. एकूण साडेआठ लाख. आता बिले न मोजता रुपये मोजा. प्रत्येक बिलाचे दिवस त्याच्या रकमेने गुणा, सर्वांची बेरीज करा आणि एकूण रकमेने भागा. एक्सेलमध्ये समप्रॉडक्ट हे सूत्र गुणाकाराची बेरीज करून देते. उत्तर येते सुमारे 93 दिवस.

एकाच यादीतून आपल्याला मध्यक 37, सरासरी 50 आणि रुपयांच्या वजनाची सरासरी 93 मिळाली. यांपैकी खोटे कोणीच नाही. 37 सांगतो की नेहमीचे गिऱ्हाईक कधी पैसे देते. 93 सांगतो की आपला प्रत्येक रुपया घरी परतण्यास सरासरी किती दिवस घेतो. नव्या गिऱ्हाइकाला किती मुदत द्यावी, हे ठरवताना 37 पाहा. सुताचे पैसे आणि आठवड्याची मजुरी कोठून येणार, हे ठरवताना 93 पाहा. ज्याने 195 चा आकडा "अपवाद" म्हणून खोडला, त्याच्या कागदावर धंदा 37 दिवसांत फिरतो आहे, आणि प्रत्यक्षात त्याच्या रकमेचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा साडेसहा महिने परक्याच्या तिजोरीत पडून होता. मोठमोठ्या पेढ्या अशाच बसतात. माल चांगला असतो, गिऱ्हाइके पुष्कळ असतात, आणि मजुरीच्या दिवशी गल्ला रिकामा असतो.

याहूनही मोठा धोका आम्ही शेवटी सांगतो. वरील यादी वसूल झालेल्या बिलांची आहे. जे बिल अजून आलेच नाही ते या यादीत नाही. सर्वांत वाईट गिऱ्हाईक असे हिशेबातूनच गायब होते, आणि जितके ते वाईट तितकी आपली सरासरी चांगली दिसते. म्हणून थकीत बिलांची स्वतंत्र यादी ठेवावी. त्यात आजपर्यंत झालेले दिवस लिहावेत, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा.

मर्यादेचा आकडा

सरासरी व मध्यकाबरोबर आणखी एक साधी मोजणी करावी. ठरलेल्या मुदतीपलीकडे किती बिले गेली? सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 नुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावयाचे असतात, आणि लेखी करार असला तरी ही मुदत 45 दिवसांहून अधिक असू शकत नाही. करार नसेल तर मुदत 15 दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज मागता येते. नोंदणी केलेल्या यंत्रमागधारकांना हा हक्क आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या आमच्यासारख्या व्यापाऱ्यांना विलंबाच्या व्याजाचा हा लाभ नाही, मात्र यंत्रमागधारकाचा माल घेताना देण्याची जबाबदारी आमच्यावरही आहे. काउंटइफ या सूत्राने 45 च्या वरची बिले मोजली तर आपल्या उदाहरणात दोन निघतात, 47 आणि 195. कायदा मुदत माल स्वीकारल्या दिवसापासून मोजतो, म्हणून ती तारीखही रकान्यात असावी.

दर महिन्याचा पाठ

हे सर्व काम महिन्यातून एकदा तासाभरात होते. मूळ नोंदी कधीही खोडू नयेत. त्यांची प्रत काढून त्या प्रतीवर काम करावे. प्रथम काउंट, सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा पाहावा, म्हणजे लिहिण्यातील चुका लगेच उघड होतात. मग मध्यक, सरासरी आणि रुपयांच्या वजनाची सरासरी काढावी. तिघांत फार अंतर असेल तर ओळीबाहेरचा आकडा कुठेतरी आहे हे निश्चित समजावे. कुंपण घालून तो शोधावा, कागद काढून कारण पाहावे आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहावेत: चूक, वेगळा माल, ईद, किंवा खरे. कोणताही आकडा वगळला तर वगळून व न वगळता अशी दोन्ही उत्तरे लिहून ठेवावीत. भागीदारीत तर हे कटाक्षाने पाळावे, कारण न सांगता खोडलेला आकडा उद्या भांडणाचे कारण होतो.

पेढीवर मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर जाणत असेल तर हे काम त्यांच्यावर सोपवावे, परंतु शेऱ्याचा रकाना स्वतः भरावा. सूत्र त्यांना येते. 195 दिवसांमागे कोण आहे, त्याची नियत कशी आहे, तो अडचणीत आहे की आपल्याला अडचणीत आणतो आहे, हे केवळ तुम्हाला माहीत असते. त्याला पुढचा माल द्यावयाचा की नाही, हा निर्णयही तुम्हालाच घ्यावयाचा आहे.